नाव, नंबर, गाव

परवा साताऱ्याच्या एका दैनिकात, आतल्या पानावर, प्लॉट विक्री आणि वधू-वर सूचक यांच्या मधोमध बोटभर उंचीची एक जाहिरात होती. मथळा ‘नावात बदल’. मजकूर आठ ओळींचा. देणारा माजी सैनिक. सैन्य क्रमांक आकडा न गाळता छापलेला, मग हुद्दा, पलटण, पेन्शनीत आल्याचं साल, शेवटी गाव आणि तालुका. म्हणणं एवढंच, की माझ्या लष्करी कागदपत्रांत पत्नीचं नाव ‘शांता’ असं लागलं आहे, आधार कार्डावर ते ‘शांताबाई’ आहे, आणि या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. पान उलटलं, चहा झाला, दिवस मावळला, तरी त्या आठ ओळी डोक्यातून जाईनात. पेन्शनीच्या सालावरून हा माणूस पंचाहत्तरीच्या घरात असणार. म्हणजे १९७१ चं युद्ध त्यानं ऐन विशीत पाहिलेलं. आणि आता या वयात त्याला पैसे भरून जिल्ह्याला सांगावं लागतंय, की पन्नास वर्षं माझ्या घरात नांदणारी बाई ती हीच.

ही चूक होते फार साधेपणानं. पोरगा लग्नाची रजा संपवून पलटणीत परत येतो. लग्न झालं की त्याची नोंद कागदावर चढवावी लागते, म्हणून क्लार्कसमोर उभा राहतो. ‘बीवी का नाम?’ पोरगा लाजत जे तोंडात येईल ते सांगतो. आपल्याकडे तर आणखी घोळ. माहेरी हाक मारायचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं तिसरं. त्याला ते तिसरं अजून सवयीचंही झालेलं नसतं. क्लार्क केरळचा असेल नाहीतर बंगालचा, तो कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहितो. त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी नोंदीचा हुकूम, निघते, ती बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथून पुढे प्रत्येक कागदावर तेच नाव उतरत राहतं. शीट रोल म्हणजे नोकरीची नोंद, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश. तीस-चाळीस वर्षं कुणाचं लक्ष जात नाही, कारण पेन्शन येते ती त्याच्या नावावर. बायकोचं नाव त्या कागदावर आहे हेसुद्धा घरात ठाऊक नसतं. ठाऊक होतं ते तो गेल्यावर. बाई कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओ आणि आधार घेऊन बँकेत जाते, काउंटरवरचा मुलगा दोन्ही कागद शेजारी शेजारी धरतो, आणि म्हणतो, आजी, नाव जुळत नाही.

म्हणून शहाणी माणसं हे काम हयातीतच उरकतात. त्याची वाट ठरलेली आहे. आधी प्रतिज्ञापत्र. मग दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी. त्यांची कात्रणं, पीपीओची प्रत, डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या प्रती, दोघांचं आधार आणि पॅन, एक अर्ज. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा थेट रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथं दुरुस्तीची नवी पार्ट टू ऑर्डर निघते, मग कागद प्रयागराजला पेन्शनच्या मुख्य कार्यालयात जातात आणि तिथून दुरुस्त पीपीओ येतो. आता ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर बरंच काही ऑनलाइन झालं, तरी नावातलं एक अक्षर हललं की हीच वाट पुन्हा चालावी लागते. फसगत कुठं होते, तेही ठरलेलं आहे. प्रतिज्ञापत्रात ‘शांताबाई’, अर्जात ‘शांताबाई मारुती’, आधारवर मधलं नाव आणि आडनावासकट पूर्ण, म्हणजे दोन नावं जुळवायला गेलेला माणूस चार नावं करून बसतो. कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कापली जाते, मग ते कात्रण कुठलं, कधीचं, याला पुरावा राहत नाही. सैन्य क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, तपासणीचं. ते लिहायचं राहून जातं.

आणि पुष्कळ वेळा चूक असते ती जाहिरातीतच.

जाहिरात घेणारं टेबल म्हणजे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातलं कार्यालय. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, खाली झेरॉक्सचं दुकान किंवा मेडिकल, वर जिना. एक लाकडी टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला तारेवर अडकवलेले मागच्या महिन्याचे अंक. तिथला माणूस बातमीदारही असतो, जाहिरातीही घेतो, अंकांच्या पार्सलचा हिशेबही ठेवतो. मानधन असतं, त्यात घर भागत नाही. जाहिरातीच्या कमिशनवर वर्ष निघतं. या टेबलापाशी बसलेला माणूस स्वतः फौजेतून आलेला असला, की कामाची रीतच बदलते. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हे काही नवलाचं नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढं कंसात ‘मिलिटरी’ लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आल्याचा दगड उभा आहे, त्या जिल्ह्यात शाळामास्तर, एसटीतला कंडक्टर, बँकेच्या दारातला बंदूकवाला जसा फौजी निघतो, तसा बातमीदारही निघतो.

असा माणूस समोरच्याचं गाऱ्हाणं नंतर ऐकतो. आधी डिस्चार्ज बुक मागतो. तोंडी सांगितलेलं नाव तो लिहूनच घेत नाही. पहिल्यांदा नंबर, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, शेवटच्या अक्षरासकट. मग डिस्चार्ज बुकातलं इंग्रजी नाव, अक्षर अक्षर सुटं. मग आधारवरचं. दोन्ही एकाखाली एक लिहून कागद समोरच्याकडं फिरवतो आणि म्हणतो, वाचा. समोरचा म्हणतो, बरोबर आहे की. हा म्हणतो, मनात नाही, मोठ्यानं वाचा. म्हातारा माणूस चष्मा पुसत आपल्याच बायकोचं नाव एखाद्या शाळकरी पोरासारखं अक्षर लावून वाचतो, आणि अर्ध्यावर थांबून म्हणतो, इथं एक ‘ए’ जास्त पडलाय बघा. एवढ्यासाठीच सगळं चाललेलं असतं. त्या आठ ओळींत एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर प्रतिज्ञापत्रापासून पुन्हा सुरुवात, आणि जाहिरातीचे पैसेही पुन्हा.

फौजेतून माणूस येतो तो तरणाच असतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून जवान किंवा नायक पेन्शनीत येतो तेव्हा त्याची चाळिशीही झालेली नसते. पोरं शाळेत असतात, शेत कोरडवाहू, घराचं अर्धं बांधकाम राहिलेलं. बहुतेक जण सुरक्षारक्षकाच्या नोकरीला लागतात, कारण ती लगेच मिळते. वर्तमानपत्राकडं वळतात ते थोडे, आणि त्यांच्यात एक गोष्ट बहुधा सारखी सापडते. ते पलटणीत दुसऱ्यांची पत्रं लिहून देत असत. साठ-सत्तरच्या दशकात एकेका सेक्शनमध्ये लिहिता-वाचता नीट येणारा एखाद-दुसराच. संध्याकाळी गिनती झाली की त्याच्या खाटेपाशी रांग. एकाला आईला लिहायचं असतं, एकाला मेव्हण्याला बैलाबद्दल, एकाला बायकोला, पण ते पत्र सासरा वाचणार म्हणून सगळंच आडून. पूर्वेला असले तर पत्त्यात गाव नाही, डोंगर नाही, नदी नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि मार्फत ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कचेरी. कुठं आहोत ते लिहायचं नाही, काय करतोय ते लिहायचं नाही, आणि तरी घरच्यांना धीर येईल असं एक पान भरायचं. अशी शंभर-दोनशे पत्रं लिहिलेल्या माणसाला पुढं पंधरा ओळींत बातमी बसवणं शिकवावं लागत नाही.

१९७१ च्या डिसेंबरात पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राच्या दक्षिण काठावरचं हे गाव, तिथून रस्ता खाली टांगाइलला आणि पुढं ढाक्याला जातो. आपल्या ब्रिगेडियरनं गावातल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याबद्दल चिठ्ठी लिहिली आणि सायकलवरून एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती पाठवली. उत्तर आलं तेही चिठ्ठीतूनच, आणि त्या चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची एक गोळी होती. ही हकीकत आता पुष्कळांना माहीत आहे. त्यानंतरच्या रात्रीबद्दल माणसं कमी बोलतात. पलटण नदी ओलांडून गावाच्या पाठीमागं, टांगाइलच्या रस्त्यावर आडवी बसलेली. १० डिसेंबरच्या रात्री आतली फौज वेढा फोडून निघाली ती थेट मराठ्यांच्या खंदकांवर आली. अंधारात, अगदी जवळून, रात्रभर. ११ ला उजाडलं तेव्हा जमालपूर पडलेलं होतं. त्याच दिवशी दुपारी टांगाइलजवळ पुंगलीच्या पुलापाशी दुसरी पॅरा ही छत्रीधारी पलटण आकाशातून उतरली, ती मूळची तिसरी मराठा. दुसऱ्या दिवशी पहिली तिला जाऊन भिडली. पुढं १६ तारीख आणि ढाका, ते सगळ्यांना पाठ आहे.

पण ११ ची सकाळ म्हणजे पहिल्यांदा गिनती. लढाई थांबली की अधिकाऱ्यांपासून सेक्शन कमांडरपर्यंत प्रत्येकाचं पहिलं काम हेच. कोण आहे, कोण नाही, कोण जखमी, कोणाला मागं नेलं, कोणत्या वाहनातून. आणि इथं नाव पुरत नाही. मराठा पलटणीत एकाच कंपनीत चार शिंदे, सहा जाधव, त्यात मारुती दोघं आणि तुकाराम तिघं. म्हणून नंबरचे शेवटचे दोन आकडे. ‘जाधव सत्तावीस’, ‘जाधव चौसष्ट’. आयुष्यभर पुढं एकमेकांना त्याच आकड्यानं हाक मारतात, घरच्या लग्नातसुद्धा. हे आकडे हौसेचे नाहीत. मागं बेळगावला जो कागद जाणार, त्यावरून तार निघणार, आणि ती तार एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट दारात जाऊन थांबणार. सत्तावीसच्या जागी चौसष्ट लिहिलं गेलं तर तार चुकीच्या दारात जाते. रडारड होते, चूल बंद राहते, पाहुणे गोळा होतात, आणि चार दिवसांनी कळतं की आपला जिवंत आहे. ते कळल्याचा आनंदही त्या घराला नीट करता येत नाही, कारण त्याच वेळी तीस मैलांवरच्या दुसऱ्या घराला खरं काय ते समजत असतं. ज्यानं त्या सकाळी एका मळक्या वहीत पेन्सिलीनं नंबर लिहून घेतले, त्याचा हात पुढं कुठल्याही नावावर भराभर चालत नाही.

वर्तमानपत्राच्या धंद्यात ही सवय सोन्याची आहे, आणि तिला भाव मात्र कधीच मिळत नाही.

जिल्ह्याच्या बातमीदारीचं खरं काम सभा आणि भाषणं यांच्यात नसतं. ते असतं अपघातात, विहिरीत पडलेल्यांत, सर्पदंशात, बुडालेल्यांत. खंबाटकी घाटात रात्री ट्रक उलटला. पोलीस ठाण्यात एक नाव, सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरवर दुसरं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेला मेव्हणा सांगतो ते तिसरं. ठाणे अंमलदारानं जखमीच्या तोंडून अर्धवट ऐकून लिहिलेलं असतं, केसपेपर वॉर्डबॉयनं सांगितल्यावरून भरलेला असतो, आणि मेव्हण्याला भावजीचं शाळेतलं नाव माहीतच नसतं, तो ‘बापू’ म्हणूनच ओळखतो. घाईचा बातमीदार ठाण्यातलं नाव उचलतो आणि निघतो. फौजी बातमीदार तिन्ही लिहितो, मग खिशातला कागद विचारतो. लायसन, पास, बँकेचं पुस्तक, काहीही. वय ‘सुमारे’ लिहीत नाही. गाव विचारताना तालुक्यावाचून पुढं जात नाही, कारण याच जिल्ह्यात वडूजही आहे आणि वडूथही, औंध खटाव तालुक्यात आहे आणि पुण्याच्या माणसाला औंध म्हटलं की दुसरंच आठवतं. आणि ‘मृत्यू’ हा शब्द डॉक्टरनं सांगितल्याशिवाय लिहीत नाही. रस्त्यावरचा जमाव म्हणत असतो, गेला, जागेवरच गेला. जमालपूरच्या त्या सकाळी ‘गेला’ म्हणून सोडून पुढं गेल्यावर हात हलवणारी माणसंही असतात, हे ज्यानं पाहिलं त्याला जमावाचं ऐकून चालत नाही.

नाव बरोबर मिळालं तरी ते छापेपर्यंत बरोबर राहील याची खात्री नव्हती. तारेनं बातमी पाठवायची तर पुष्कळदा मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. काळे, कळे आणि काले ही तिन्ही आडनावं रोमनमध्ये त्याच चार अक्षरांत मावतात. पलीकडं उपसंपादक रात्री अकराला त्यातलं एक निवडणार. ट्रंक कॉल लागला तर आणखी वेगळी गंमत, खरखरीतून आडनाव ओरडायचं. इथं सिग्नलची शिकवण कामाला येई. वायरलेसवर ‘अल्फा, ब्राव्हो’ म्हणतात तसं हे लोक मराठीत म्हणत, ध धनुष्यातला, घ घरातला, ळ बाळातला. बाकी बातम्या लखोट्यातून. वर ठळक अक्षरांत ‘बातमी, अत्यंत तातडीचे’, आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात. स्वारगेटला प्रेसचा शिपाई थांबलेला असे. गाडी घाटात बंद पडली की जिल्हा त्या दिवशी छापलाच जात नसे. त्या लखोट्याच्या आत हाताचं अक्षर. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणारा माणूस पिवळ्या दिव्याखाली डोळे बारीक करून ते वाचतो, बोटं खणांतून आपोआप फिरत असतात, रॉकेल आणि शाई यांचा वास सगळ्या खोलीला चिकटलेला. त्याच्या नजरेला ध आणि घ यांच्यात एका गाठीचा फरक, भ आणि म तसेच. धुमाळांचे घुमाळ होत, भोसल्यांचे मोसले होत. म्हणून ही माणसं नावं कधी ओघात लिहीत नसत. प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर, अक्षरं सुटी, खाली दोन रेघा, आणि शंका येईल असं अक्षर असलं की समासात कंस करून ‘धनुष्यातला ध’. उपसंपादक हसत असतील. नावं मात्र बरोबर छापून येत.

साताऱ्याच्या जुन्या बातमीदारांची पिढी कोयनेच्या भूकंपावर तयार झाली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत. कोयनानगर आणि आसपासच्या वाड्या बसल्या, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मृतांची यादी करणं किती अवघड असतं ते त्या थंडीत लोकांनी पाहिलं. धरणावर कामाला आलेले लोक बाहेरगावचे. शेजारी गेलेला, मुकादमाला फक्त टोपणनाव ठाऊक. जमालपूरची तारीखही ११ डिसेंबरच, चार वर्षांनंतरची, आणि दोन्हीशी नातं असलेली घरं पाटण तालुक्यात आहेत. पुढं २००५ मध्ये, २५ जानेवारीला, मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळजवळ तीनशे माणसं दगावली. त्या रात्री वाईत नातेवाईक हातात कागदाचे कपटे घेऊन फिरत होते. यात्रेला येणारा माणूस जवळ ओळखीचा कागद ठेवत नाही, बायका तर नाहीच नाही. मरण पावलेल्यांच्या यादीत ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे ४०’ अशा ओळी असतात. अशा प्रत्येक ओळीशी कुणीतरी थांबून, बांगड्यांचा रंग, हातावर गोंदलेलं नाव, पदराची गाठ असं टिपून घ्यावं लागतं, कारण सकाळी अंक हातात पडल्यावर तेवढ्यावरूनच घर ओळखणार असतं. हातावर गोंदलेलं नाव बहुधा नवऱ्याचं असतं किंवा देवाचं. स्वतःचं क्वचितच.

१६ डिसेंबर आला की प्रत्येक जिल्ह्यात विजय दिवसाचा कार्यक्रम होतो. हुतात्मा स्मारकाला पुष्पचक्र, वीरपत्नींचा सत्कार, दोन भाषणं, चहा. बातमीही दरवर्षी तीच, मथळाही जवळजवळ तोच. त्या बातमीच्या शेवटी एक ओळ असते, ‘यावेळी माजी सैनिक…’ आणि पुढं नावांची लांब माळ, ‘आदी उपस्थित होते’. ही माळ जिल्ह्यातल्या प्रत्येक बातमीची सगळ्यात जास्त वाचली जाणारी ओळ आहे. लोक भाषण वाचत नाहीत, आपलं नाव शोधतात. फौजी बातमीदार ती माळ जिवापाड जपतो. गाव ज्याला सरसकट ‘मेजर’ म्हणून हाक मारतं, त्याचा खरा हुद्दा नायक आहे की हवालदार, ऑनररी कॅप्टन झाला होता का, हे विचारून लिहितो. ज्यांना चालवत नाही म्हणून मागच्या खुर्चीवर बसलेत त्यांच्यापर्यंत जाऊन लिहितो. एक नाव मात्र त्या माळेत कधी नसतं. ज्याच्या छातीवर ‘पूर्वी स्टार’ आणि संग्राम पदक ही १९७१ च्या युद्धाची पदकं लागायला हवीत, तो त्या वेळी वही घेऊन खांबाला टेकून उभा असतो. बातमी लिहिणाऱ्यानं उपस्थितांत स्वतःला घालायचं नाही, हा धंद्याचा नियम त्यानं कुणी न सांगता पाळलेला असतो. वीस-वीस वर्षांच्या विजय दिवसाच्या बातम्या चाळल्या तर त्या हजर नसलेल्या माणसाच्याच हातच्या निघतात. हे मला बरोबरही वाटतं आणि सहनही होत नाही.

नाव नसण्याचा फटका उतारवयात बसतो. राज्य सरकारची ज्येष्ठ पत्रकारांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावानं सन्मान योजना आहे. वयाची अट आहे आणि पत्रकारितेतली पुष्कळ वर्षं कागदावर दाखवता यायला हवीत. तालुक्याच्या बातमीदाराकडं नेमणुकीचं पत्र असतं का? संपादक दौऱ्यावर आले असताना ‘पाठवत जा’ म्हणाले, तीच नेमणूक. मानधन कधी मनीऑर्डरनं, कधी कमिशनमध्ये वळतं केलेलं. राहिली कात्रणं. ती मात्र असतात, पत्र्याच्या ट्रंकेत, फायलींत डकवलेली, खळीवर झुरळांनी कुरतडलेली, वर्षावार लावलेली. हजारांनी. आणि त्यांतल्या प्रत्येक कात्रणावर वर लिहिलेलं असतं, ‘सातारा, ता. १६ (वार्ताहर)’. किंवा ‘आमच्या वार्ताहराकडून’. नाव नाही. त्या काळी गावच्या बातमीदाराला नाव देत नसत, आणि त्यालाही ते मागण्यासारखं वाटत नसे. आता अर्ज घेणारा माणूस विचारतो, हे तुम्हीच लिहिलं याला पुरावा काय? तो माणूस चुकीचं विचारत नाही. हाच प्रश्न समोरच्यानं स्वतः चाळीस वर्षं प्रत्येकाला विचारलेला आहे.

तेव्हा छापील असं नाव उरतं ते एकाच ठिकाणी. संग्राम पदक हातात घेऊन आडवं धरलं, उजेडाकडं तिरपं केलं, की कडेवर बारीक कोरलेली अक्षरं दिसतात. पहिल्यांदा नंबर, मग हुद्द्याचं आखूड रूप, मग नाव, मग पलटण. इंग्रजीत. ज्या क्लार्कनं लिहिलं असेल त्याच्या कानाप्रमाणं. कित्येक पदकांवर मारुतीचा ‘मारोती’ आहे, विठ्ठलाचा एक ‘ठ’ गेलेला आहे. धातूवर कोरलेलं म्हणून ते पुसून लिहिता येत नाही. घरात ही पदकं बहुधा देवघराच्या खालच्या खणात, नाहीतर सुपारीच्या डबीत असतात. नातवंडं बाहेर काढून खेळतात, रिबन केव्हाच विटलेली असते, पण ती कड झिजत नाही.

परवाच्या त्या जाहिरातीकडं पुन्हा पाहिलं. कुणीतरी ती फार नीट लिहून घेतलेली आहे. नंबरच्या शेवटी इंग्रजी अक्षर आहे. ‘शांता’ आणि ‘शांताबाई’ यांच्यापुढं नवऱ्याचं नाव आणि आडनाव दोन्हीकडं हुबेहूब सारखं आहे, मधला फरक फक्त ‘बाई’चा, म्हणजे तपासणाऱ्याला शंका घ्यायला दुसरी जागाच नाही. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून’ हे वाक्य आहे, जे पुष्कळ जाहिरातींत राहून जातं. तालुका आहे. हे ज्या टेबलावर घडलं तिथं कुणी बसलं होतं ते जाहिरातीवर लिहिलेलं नसतं. अंकाच्या तीन-चार प्रती जास्त घेतल्या असतील तर बरं. एक रेकॉर्ड ऑफिसला जाईल, एक जिल्हा कार्यालयात राहील, एक घरी. कात्रण कापताना पानाच्या वरच्या कडेपासून सरळ खाली यायचं, म्हणजे वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक जाहिरातीसोबत राहतात. नाहीतर अख्खं पानच घडी घालून लावावं, आणि आठ ओळींभोवती लाल पेनानं चौकट काढावी.